रांजनापाशीची जागा

आमच्या घरात उन्हाळ्याची एकच जागा हाये जथी मानूस मानसावानी जगू शकते. माजघराच्या कोपऱ्यात, रांजनाच्या बगलेले. रांजन पाझरते, खालची भुई सदाची वली राह्यते, अन मांगच्या भितीले झरोका हाये त्याच्यातून वाऱ्याची झुळूक येते. बैसाखात आमच्याकडं कसं ऊन पडते ते मी काय सांगू! वावराच्या धुऱ्यावरचे कावळे चोच वासून बसतेत अन ओरडाचंबी इसरतेत. त्या जागेवर मी लग्न होऊन आली तवापासून डोळा ठेवून होती. पहिले माही सासू तथी निजे. सासू गेली, मंग मालक निजत. मालक गेले अन जागा मले आली. रीतीनं आली. कोनाची हिसकून नाई घेतली मी.

अन त्या जागेवरून माह्या पोटच्या पोरानं औंदा मले उठवलं. कोनासाठी? बायकोसाठी म्हनाल तं नाई. गीता माही सून, गरीब गाय हाये. लेकरासाठी म्हनाल तं तेबी नाई. ब्याटरीसाठी!

पोराचं नाव उकंडराव. हसू नोका. त्याच्या आधीचे दोन राह्यले नाई. म्हनून हा जन्मला तसा सासूनं त्याले सुपात घातला अन उकंड्यावर नेऊन ठेवला. शेजारनीनं तिथून उचलला अन माह्या मांडीवर आनून देल्ला, का हे घे बाई, कचऱ्यात सापडलं, पोस. येमाले वाटावं, हे टाकलेलं पोर हाये, याच्याकडं कायले पाहाचं! तं असा मी येमाले एकदा फसवेल हाये. ध्यानात ठेवा.

आता हा उकंड्यावरचा राजा चांगला बापई झाला. वावर पाह्यते, पऱ्हाटी पिकवते, कोनाच्या अध्यात ना मध्यात. पन डोक्यात रेडूचा किडा. खामगावातून कोनाचा तरी मुका झालेला रेडू आनला, त्याचं पोट फाडलं, तारा काढल्या, तारा जोडल्या, इस्तवात सळई तापवून कथलाचा डाख लावला, अन एक दिवस तो डबा बोलाले लागला. गावात ईज नाई. महाराष्ट्र झाला, मंत्री येऊन हार घालून गेले, ईज आपली येऊनच राह्यली हाये. म्हनून रेडूले ब्याटरी. मोटारीत राह्यते तशी, काळी, चौकोनी, आंगात जाळनारं तेजाब, वजनाले जात्याच्या पाळीएवढी. ते संपली का बैलगाडीत घालून सडकेवर न्याची, तिथून मोटारीत खामगावले, निवृत्ती ब्याटरीवाल्याच्या दुकानात भराले ठेवाची, भरली का लेकरासारखी मांडीवर घेऊन आनाची. येवढ्या मायेनं तो मले कधी शेगावले घेऊन गेला नाई.

संध्याकाळच्याले अर्धी गल्ली आमच्या आंगनात. गुलाबराव सगळ्यात पुढं. गल्लीतले मोठे मानूस, सगळ्याईच्या भानगडी तेच तोडतेत. ते कापसाचे भाव आयकतेत, अन भाव पडला का रेडूले शिव्या देतेत. जनकाबाई शेजारची, भजन लागलं का डोलते अन बातम्या लागल्या का माह्या सुनेच्या चुगल्या मले सांगते. आपल्याले काई तकरार नव्हती. रेडू बोलते, बोलू द्या.

पन चैत लागला अन निवृत्तीनं उकंड्याच्या कानात भरलं. घरी येऊन पोरगं मले पाठ केल्यावानी म्हनून दाखवे. "माय, ऊन म्हनजे ब्याटरीचं मरन. थंड्या जागी ठेवाची. हवा खेळती पायजे, पेटीत कोंडाची नाई. भुईवर नाई, फळीवर. चुलीपाशी नाई, दिव्यापाशी नाई, तिच्यातून वाफ निघते ते पेट घेते. रिकामी करून ठेवाची नाई. अन आतलं पानी आटू द्याचं नाई. आतल्या शिशाच्या पाट्या उघड्या पडल्या का खलास. पानी घालाचं तं बाटलीतलं शुद्ध. आपल्या गावचं खारं पानी एक थेंब गेलं, तं सरळ उकंड्यावर टाकून दे म्हने."

"तुले उकंड्यावरून उचलून आनला, अन आता ब्याटरीले तथी टाकतं का?" मी म्हनलं. तो हसला नाई. ब्याटरीच्या बाबतीत तो हसत नाई.

एक दिवस दुपारच्याले मी जेवली, हात धुतले, पदर उशाले घ्यावं म्हनून आपल्या कोपऱ्यात गेली, तं माह्या जागेवर ब्याटरी! खाली वाळू, वाळूवर पानी मारेल, वाळूवर लाकडाची फळी, फळीवर बाईसाहेब. चारी आंगानं वल्लं गोनपाट, वरून मात्र उघडं, तिले श्वास घ्याले. उशी तेवढी द्याची राह्यली होती.

"उकंड्या, हे काय रे?"

"माय, गोनपाटाले पाय लावू नोको."

"काऊन? झोपमोड होईन का तिची?"

"तिले ऊन सोसत नाई, माय."

"अन मले सोसते?"

"तू मानूस हायेस. तुले सवय हाये. हे काई बोलून दाखवते का बिचारी, का मले तपून राह्यलं म्हनून?"

बिचारी! माह्याजवळ तोंड हाये हा माहा गुन्हा झाला. माही खाट त्यानं ओसरीत टाकली. ओसरीवर टिनं. बैसाखातलं टिन म्हनजे तवा, अन मी त्याच्याखालची भाकर. एका आंगावर भाजली का दुसऱ्या आंगावर वळाचं.

येवढ्यावर थांबला असता तं मी सोसलं असतं. रांजनापाशी रोज तिन्हीसांजेले मी पितराईचा दिवा लावे. माही सासू लावे, तिची सासू लावे. उकंड्यानं तो फू करून इझवला. फू करून! दिवा तोंडानं इझवाचा नसते हे लहान्या लेकरालेबी मालूम राह्यते. म्हने, वाफ पेट घेईन. मी दिवा तुळशीपाशी नेला. पितर बिचारे अंधारात पानी प्याले येत असतीन अन ब्याटरीले ठेचकाळत असतीन.

मी काई गप बसनारी बाई नाई. संध्याकाळच्याले सारे जमले, तं मी एक गोनपाट पान्यात भिजवलं, डोक्यावरून घेतलं, अन चौकटीत येऊन बसली. गुलाबराव म्हने, "वहिनी, हे काय सोंग?" मी म्हनलं, "मी बी ब्याटरी झाली हाये, भाऊजी. मलेबी थंड्या जागी ठेवा, पोराले सांगा." गुलाबराव असे हसले, असे हसले, का कापसाचा भाव आयकाचा राह्यला. पन उकंड्याले लाज आली का? अजिबात नाई. माह्या डोक्यावरचं गोनपाट त्यानं पाह्यलं अन म्हनाला, "माय, हे वालं गोनपाट चांगलं हाये. इकडं दे."

आता माहा जीव कुठी गुंतेल हाये ते सांगते, म्हनजे पुढचं समजीन. आमच्या देवघरात एक तांब्याचा गडू हाये. मालक होते तवा आम्ही दोघं काशीले गेलो होतो, शेगावहून गाडीत बसून. गंगेचे दोन गडू आनले, तोंडाले डाख लावून बंद करेल. मालकाची येळ आली तवा एक गडू मी माह्या हातानं फोडला अन त्याईच्या तोंडात पानी घातलं. चार दिस तळमळत होते ते. तो घोट गिळला अन त्याईच्या तोंडावरची सारी तळमळ गेली. मी पाह्यली हाये ते. तवापासून दुसरा गडू माहा. मले मरनाचं भेव नाई, खरं सांगते. पन तो घोट पायजे. दागिना नाई मागत, बारावं-तेरावं मोठं करा म्हनत नाई. तो येक घोट. रोज पूजा झाली का मी गडू कानापाशी हालवून पाह्ये. आत डुबूक वाजलं का माहा जीव थंडा होये.

बैसाख अर्धा झाला अन उकंड्याची बाटली सरली. त्या उन्हानं ब्याटरीचं पानी असं आटे का विचारू नोका. ते पोरगं घडीघडी बुचं काढून आत डोकावे, नख चावे. बैलं उन्हानं आजारी, त्याईले सोडून दिवसभर खामगावले जाता येत नव्हतं. हिरीचं पानी खारं, जनावराईले अन भांड्याईले. पेयाचं पानी आम्ही गावाच्या शिवापलीकडच्या गोड्या हिरीवरून डोक्यावर आनतो, पन तेबी जिभेले लागतेच थोडंसं. अन पाऊस तं मिरगाच्या आधी कोन पाह्यला? "पाट्या उघड्या पडून राह्यल्या माय," तो म्हने. माह्या मालकाच्या दुखन्यातबी येवढं तोंड उतरलं नव्हतं त्याचं.

एकादशीले मी जनकाबाईसंग शेगावले महाराजाच्या दर्शनाले गेली. परत आली तं आंगनात रेडू खनखनीत गाऊन राह्यला. उकंड्याच्या तोंडावर तेज. "पानी भेटलं का रे कुठी?" मी पुसलं. "भेटलं," तो म्हनाला, अन रेडूचा आवाज वाढवला. मी आपलं पाय धुतले, देवापुढं परसाद ठेवला, गडू कानापाशी हालवला. डुबूक. झालं. सारं जागच्या जागी.

फक्त माही जागा जागेवर नव्हती.

मंग तो दिवस आला. आंगनातल्या कोंबड्या बाजीखाली पाय पसरून पडेल, टिनं तडतडून राह्यली, माह्या आंगावर घामोळं असं का लुगडं लावू देईना. अन मी खाटेवर पडल्या पडल्या इचार केला. आमच्याकडं जीव जाऊन राह्यलेल्या मानसाले खाटेवर ठेवत नाईत. खाटेवर मेलं तं जीव बाजीत अडकते म्हनतेत. भुईवर घेतेत. अन आमच्या घरात येवढ्या उन्हात मानूस घेन्यासारखी, सारवेल, थंडी भुई कोन्ती? अवं, एकच!

मी कन्हाले लागली.

खोटं कन्हनं सोपं नसते बाई. पहिले हळू, मंग थोडं जोरानं, मंग मधातच थांबाचं म्हनजे आयकनाराचा जीव थांबते. गीता धावत आली. "आत्याबाई, काय होऊन राह्यलं?" मी डोळे वरतं केले. ते पोरगी अशी किंचाळली का माह्याच काळजात धस्स झालं. जनकाबाई भितीवरूनच ओरडत आली. "ऊन लागलं! कौशल्याबाईले ऊन लागलं! अवं भुईवर घ्या, भुईवर!" जनकाबाई, जलमभर मी तुले शिव्या देल्या, पन त्या घडीले तू मले देवी वाटली.

उकंड्या वावरातून पळत आला. अन आता आयका. तो आला, मले पाह्यलं, माजघरात गेला, ब्याटरी उचलली अन बाहेर उन्हात नेऊन ठेवली. गोनपाट नाई, फळी नाई, सरळ धगधगत्या आंगनात. मंग मले त्यानं दोन्ही हातावर घेतलं अन रांजनापाशी निजवलं.

माय व! काय सांगू ते सुख! पाठीले वली वाळू, झरोक्यातून झुळूक, कानापाशी रांजनाचं टिप् टिप्. मले खरोखरच सर्गात गेल्यावानी वाटलं. मी इचार केला, आता दोन दिस असंच मराले टेकाचं, मंग हळूहळू बरं व्हाचं, अन बरं झाल्यावर 'मले अथीच ठेवा, उठवसान तं जीव जाईन' म्हनाचं. झकास बेत होता.

तेवढ्यात जनकाबाई म्हनाली, "अवं गीता, गंगेचा गडू आन. जीव अडकला हाये तिचा."

हे माह्या ध्यानातच नव्हतं आलं! कराले गेली एक अन होऊन राह्यलं भलतंच. माहा गडू, माहा एकच गडू, या खोट्या मरनात वाया जाऊन राह्यला! मंग खऱ्या मरनात मी काय पिऊ? उठून बसावं तं सोंग उघडं पडते, गाव तोंडावर थुकते, अन जागा जाते ते येगळीच. मी बारीक आवाजात म्हनलं, "येळ... हाये अजून..."

"आयकलं का?" जनकाबाई रडतच म्हनाली. "येळ झाली म्हनते बिचारी. आन लवकर!"

पन तेवढ्यात एक नवल झालं. उकंड्या आडवा आला. "नाई!" तो ओरडला. "गडू नाई काढाचा! माय मरत नाई!"

गीता देवघरातून गडू घेऊन आली तं त्यानं तिच्या हातातून हिसकला अन छातीशी धरला. "काई नाई झालं मायले! थंडं पानी मारा, बरी होते! गडू कायले?" गुलाबराव म्हनत होते, "उकंडराव, बाजूले होय बे. मायेपोटी येडा होऊ नोको. तिची इच्छा हाये ते." अन उकंड्या घामाघूम, "नाई काका, मी नाई मरू देनार मायले, नाई म्हनजे नाई!"

मी डोळे मिटून पडेल, सारं आयकून राह्यली. माहं मन असं भरून आलं का काय सांगू. केवढी माया! अन मी या लेकराले ब्याटरीवरून बोलली! माह्या डोळ्यातून टपकन पानी आलं. खरं पानी, सोंगातलं नाई. जनकाबाईनं ते पाह्यलं. "आसू आले! आता काई खरं नाई!" तिनं गुलाबरावले खूण केली. गुलाबरावानं उकंड्याच्या हातातून गडू काढला, सुरीनं डाख उचकटला. मले आवाज आला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. वाया जाऊ द्याचा नाई, एक थेंब नाई!

"दातखीळ बसली," जनकाबाई म्हनाली, अन त्या बाईनं पळीच्या दांड्यानं माहे दात उचकटले. मले इरोधच करता येईना. मेलेल्या मानसाले दातानं चावता येत नाई. पानी तोंडात पडलं.

अन मी ते गिळलं नाई. जिभेवर राह्यलं.

खारं!

खारं म्हनजे कसं, आपल्या आंगनातल्या हिरीचं खारं! ज्या पान्यानं मी उभा जलम भांडे घासले, त्याची चव मी झोपेत वळखीन! मी फुर्रकन थुकली अन सरळ उठून बसली. "मुडद्या! हे गंगेचं पानी हाये का? हे आपल्या हिरीचं हाये!"

जनकाबाई पळी टाकून पळाली ते तिच्या घरात जाऊन कडी लावूनच थांबली. गुलाबराव मांगच्या मांगं बसले. गीता माह्याकडं पाह्ये, गडूकडं पाह्ये. अन उकंड्या? खाई त्याले खवखवे. तो भितीले टेकून उभा होता, चुन्यासारखा पांढरा.

"तू... बरी झाली माय?"

"माहं सोड! माही गंगा कुठी हाये?"

त्यानं हळूच बोट वर केलं. बाहेर दाखवलं. आंगनात.

सारं निघालं मंग. मी शेगावले गेली तवा पाट्या उघड्या पडून राह्यल्या होत्या. अन या गावात, या उन्हात, शुद्ध पानी असं येकच. कधी किडत नाई, कधी नासत नाई, खारं नाई. उकंड्यानं सळई तापवली, गडूचा डाख काढला, गंगा ब्याटरीत ओतली. अन मले रोज डुबूक आयकाची सवय हाये हे त्याले मालूम, म्हनून हिरीचं पानी भरून पुन्हा डाख मारला. असा साफ मारला का काशीच्या कासाराले जमनार नाई. रेडूवर शिकला ना! त्याले वाटलं, पितं कोन हाये? कानानं आयकते, तोंडानं नाई.

माह्या आंगात आग पेटली. खरं सांगते, त्या घडीले मले त्याचं तोंड पाहू वाटेना. "अरे," मी म्हनलं, "तुह्या बापाच्या तोंडात मी गंगा घातली होती. माह्या तोंडात घालाचं काम तुहं होतं. दुसरं काय मागलं रे मी तुले? सांग. अन तू ते एका डब्याले पाजलं? मी मरताना काय तोंडात घालनार होता, हे खारं?"

उकंड्या माह्यापाशी खाली बसला. येवढा मोठा बापई, मिशावाला, अन माहा पदर धरला. "माय," तो म्हनाला, "गडू लागन अशी येळ येईन, हे मले कधी वाटलंच नाई. तू मरशीन असं माह्या मनातच आलं नाई कधी. आज खाटेवर पाह्यलं तवा पहिल्यांदा आलं."

गुलाबरावानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. माहं काय झालं म्हनता? मले रागात राह्याचं होतं, पन राग हातातून सुटून राह्यला. त्याच्या आधीचे दोन मी हातानं पोचवले. त्याले उकंड्यावर ठेवला तवा मी आत तोंडात पदर कोंबून बसली होती, का येम आयकीन. अन त्या पोराले वाटते माय मरत नसते. आता याले काय मारावं अन काय बोलावं!

तेवढ्यात मले ध्यानात आलं.

"उकंड्या! तू ब्याटरी कुठी ठेवली?"

"आंगनात."

"उन्हात?"

"तुले निजवाचं होतं ना, माय..."

"मंग उभा काय राह्यला मेल्या! माही गंगा उन्हात आटून राह्यली! उचल तिले!"

मराले टेकलेली बाई मी, पदर खोचून त्याच्यापुढं पळाली. ब्याटरी अशी तापेल का हात ठेववेना. दोघाईनं धरून आनली, आडवी होऊ देल्ली नाई, उभीच. मी माह्या हातानं वाळू सारखी केली, फळी मांडली, गोनपाट भिजवलं अन चारी आंगानं लावलं. गीता दिवा घेऊन आली, तिले वाटलं, गंगा घरात आली तं दिवा तरी लावावा. "लांब! तो दिवा लांब ठेव!" मीच ओरडली. "तिची वाफ पेट घेते!"

गुलाबराव तवापर्यंत सावरले होते. म्हने, "वहिनी, मंग तुम्हाले ऊन लागलंच नव्हतं तं?" मी म्हनलं, "लागलं होतं, भाऊजी. पन गंगा तोंडाले लागली अन उतरलं." ते म्हने, "पन ते तं हिरीचं होतं." मी म्हनलं, "म्हनून तं येवढ्या लवकर उतरलं." त्याईनं मले हात जोडले. दुसऱ्या दिवशी, बैलं बरी झाली तशी, उकंड्या गाडी जुपून सडकेवर अन तिथून खामगावले गेला अन बाटलीतलं पानी घेऊन आला. निवृत्तीनं म्हने कपाळाले हात लावला. नदीचं पानीबी चालत नाई म्हने, पन खाऱ्यापरीस हजार वाट्यानं बरं, पुन्हा असं करू नोको. काशीची नदी हाये हे उकंड्यानं त्याले सांगतलंच नाई.

आता तुम्ही म्हनसान, मंग जागा कोनाले भेटली? दोघींले भेटली. रांजन वीतभर सरकवला तं जागा पुरली. इतकी वर्सं कोनी सरकवून पाह्यलाच नव्हता. एका बाजूले मी, एका बाजूले ब्याटरी, मधात गोनपाट. सकाळी पूजा झाली का मी तिच्यावर एक फूल ठेवते, बुचावर नाई, बाजूले. गोनपाट वाळू देत नाई. पानी किती हाये ते उकंड्याच्या आधी मी डोकावून पाह्यते. संध्याकाळच्याले भजन लागलं का जनकाबाई डोलते अन मी मनात म्हनते, बोल गंगामाय, बोल.

पन उकंड्याच्या मनातून ते गेलं नव्हतं. परवा दुपारच्याले माह्या पायापाशी येऊन बसला. म्हनाला, "माय, कापूस झाला का मी काशीले जाऊन येतो. दोन गडू आनतो."

मी म्हनलं, "घाई करू नोको बाप्पा. माहा येक नेम हाये. तो घोट तोंडात पडल्याबिगर मी मरत नाई. येमालेबी मालूम हाये ते. घरात गडू नाई, म्हनजे त्याले येन्याची सोयच नाई."

तो हळूच म्हनाला, "मंग मी जातच नाई काशीले."

बह्याड लेकाचा. मी तोंड भितीकडं केलं. मंग म्हनलं, "उठ आता. गोनपाट वाळलं तिचं, अन मले निजू दे."